दोन नळ्या, दोन लेबलं

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा मोतीबिंदू काढला का? (मागच्या पत्रात तू तिच्या डोळ्यापेक्षा डॉक्टरांच्या गाडीबद्दलच जास्त लिहिलं होतंस.) आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे महिन्यापूर्वीपर्यंत होतो.

झालं असं, की साठी ओलांडलेल्यांची आतडी तपासायची म्हणून दवाखान्यातून आमच्या नावाने दोन पाकिटं आली. आतड्यात कॅन्सर मूळ धरत असेल, तर शीमध्ये डोळ्यांना न दिसणारं रक्त येऊ शकतं, ते शोधायचं. कागदावर ‘मलनमुना’ असा भारदस्त शब्द होता. यांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, म्हणजे तेच ना? तेच. पाकिटातल्या नळीच्या टोपणाला लावलेली काडी त्यात चार ठिकाणी टोचायची, नळीत खुपसायची आणि नळी चक्क टपालाने पाठवायची. (तेव्हापासून पोस्टमनच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत नाही.)

नमुना पाण्यात पडता कामा नये, ही अट वाचून तुझ्या मेव्हण्यांमधला सुतार जागा झाला. कागद अंथरून भागलं असतं, पण यांनी दोन दिवस खपून कमोडवर बसवायची लाकडी चौकट केली. कडा घासल्या, वर पॉलिशही मारलं. इतकी देखणी झाली, की पहिल्या दिवशी दोघांचंही धाडस होईना. शिवाय नळ्या उभ्या ठेवायला दोन भोकांचा ठोकळा केला. लेबलांचं काम अर्थात माझं. पस्तीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांना लेबलं चिकटवलेली बाई मी, एक पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं नाही. डावी नळी माझी, उजवी यांची, असं ठरवून ठोकळा न्हाणीघरातल्या फळीवर ठेवला. (तिथे चष्मा लावून कोण जातं?) मग नमुने घ्यायच्या दिवशी सकाळीच मी फळी पुसली. ठोकळा उचलला आणि परत ठेवला. कसा ठेवला, ते आठवत नाही.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. माझी नळी निर्मळ, यांच्या नळीत रक्त. हे मागच्या खोलीत जाऊन धार असलेल्याच पटाशीला संध्याकाळपर्यंत धार लावत बसले. आणि तेव्हा मला ती फळी आठवली. मी जाऊन सांगितलं, की ठोकळा उलटा ठेवला गेला असणार, ते रक्त माझं आहे. यांना वाटलं, मी यांचं दुखणं माझ्या अंगावर ओढून घेतेय.

“तुझं लेबल कधी चुकलेलं नाही,” हे म्हणाले. “ते माझंच आहे.”

लग्न झाल्यापासून माझ्या कामाचं कौतुक यांनी पहिल्यांदा केलं, आणि केलं ते या बाबतीत. मग दोन दिवस आमची जुंपली. लोक वीतभर जमिनीसाठी भांडतात, आम्ही थेंबभर रक्तासाठी. शेवटी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी कपाळाला हात लावला आणि दोघांनाही नव्या नळ्या दिल्या, या वेळी वेगवेगळ्या दिवशी. काल उत्तर आलं. जिंकले मीच.

येत्या मंगळवारी दुर्बिणीने आतून बघणार आहेत. रक्त म्हणजे कॅन्सरच असं नाही, असं नर्सबाई म्हणाल्या. मूळव्याध असेल, नाहीतर आतड्यात उगवलेला एखादा मांसाचा कोंब असेल, तो बहुतेक वेळा तिथल्या तिथे काढून टाकतात. आणि काही वाईट असलंच, तरी लवकर सापडलेलं बरं. मी अजिबात घाबरलेली नाही. तू काळजी करू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. : घाबरलेली नाही, हे खोटं आहे. पण माझं निभेल, मला गुंगीचं औषध देणार आहेत. यांना कोणी काही देणार नाही. बाहेर बाकावर नुसतं बसून राहायचं. हात रिकामे असले, की यांचं मन नको तिथे जातं.

आणखी एक : म्हणून मंगळवारी तू ये. धीर वगैरे द्यायला जाऊ नकोस, ते तुम्हा दोघांनाही जमायचं नाही. यांनी तुला करून दिलेल्या कपाटाचं दार घासतंय, अशी तक्रार कर, म्हणजे माझं आटपेपर्यंत हे तुझ्याशी वाद घालत बसतील. वहिनीला मी समजावीन, पण दार नीट लागत असेल तर निघण्याआधी ते बिघडव.