पिशवीत नसलेली पट्टी

वरची वाडी, ता. पोलादपूर
६ जानेवारी २०२५

चि. दर्शना हिला आबांचे अनेक आशीर्वाद.

इथं रेंज नाय, म्हणून नेहमीसारखं पत्र गाडीवाल्या रितेशच्या हाती देतोय. तो भाडं घेऊन महाडला आला की बिरवाडीला तुझ्या खोलीवर टाकेल.

मागल्या आठवड्यात तो तुझा डबा द्यायला कॉलेजात आला होता. त्यानं सांगितलेलं मला पटलेलं नाय. म्हणतो, फळा कोरा, बाई मागं खुर्चीत गप बसलेली, आणि पोरं दोघं-दोघं समोरासमोर. एकानं आजारी असल्याचं सोंग करायचं, दुसऱ्यानं त्याला औषध समजवायचं. तू म्हणे म्हातारी झाली होतीस आणि कण्हत होतीस. औषधं शिकायला पाठवलीय तुला, नाटकात नाय. ह्या बाईला शिकवता येतं का, का येत नाय म्हणून पोरांकडून वेळ काढून घेते? समोर बसलेला तो ओम कोण, तेही लिही.

तुझ्या आयचं मधूनमधून बिघडतं. सकाळी दरदरून घाम येतो, हात थरथरतात. परवा हंडा घेऊन पायरीवरच बसली. शेजारची बनुबाई म्हणते बाहेरचं हाय, बाधा झालीय. मला वाटतं, शुगरच्या गोळ्याच बनावट असतील. आजकाल कुणाचा भरवसा धरायचा?

खरं असेल ते लिही. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझे आबा (कुशाबा)

बिरवाडी
१० जानेवारी २०२५

तीर्थरूप आबांना दर्शनाचा शिरसाष्टांग नमस्कार.

रितेशदादाने पाहिलं ते खरं आहे. अक्षदा मॅडम धडा घरून वाचून यायला सांगतात. वर्गात तो परत सांगत नाहीत. एक रुग्ण समोर ठेवतात आणि विचारतात, आता तुम्ही याला काय विचाराल? सुरुवातीला मलाही तुमच्यासारखाच संशय आला होता. माझी मैत्रीण सेजल आणि मी तर तक्रार करायला निघालो होतो. पण गेल्या वर्षी फळ्यावरून उतरवलेलं मी विसरले, आणि म्हातारी होऊन कण्हताना शिकलेलं अजून डोक्यात आहे. ओम वरंधचा, आमच्या गटातला. घरी शेती. तुमच्या संशयाच्या वहीत याहून जास्त लिहू नका.

आता एक काम. प्रत्येकाने घरातल्या एका माणसाची सगळी औषधं पिशवीत घालून आणायची आहेत. गोळ्या, चूर्ण, उरलेल्या पट्ट्या, सगळं. आईची पाठवाल का? आणि ती थरथर गोड खाल्ल्यावर थांबते का, ते नक्की कळवा. मला ते ऐकून बरं वाटलेलं नाही.

आईला नमस्कार. रागावलात तरी आशीर्वाद आखडता घेऊ नका.

आपली,
दर्शना

वरची वाडी
१४ जानेवारी २०२५

चि. दर्शना, आशीर्वाद.

संक्रांतीचे लाडू आयने दिलेत, सेजलला पण दे. सोबत पिशवी हाय. गोळ्यांची पट्टी, रोजच्या चार-पाच कापून घरी ठेवल्यात, आणि चूर्णाची बाटली.

पण मला सांग, कॉलेजला लोकांच्या घरातली औषधं कशाला पायजेत? कुणाला कसला रोग हाय ते कळलं की कंपन्यांची माणसं दारात येतात. नाव कुठं लिहू देऊ नको. परत आलेली पट्टी मी नीट बघून घेणार हाय.

गुळाचा चहा दिला की आय दहा मिनिटांत सावरते. बाधा गुळाला भीत नाय, एवढं मलाही कळतं. तिला दुसरं औषध काय चालू नाय. आणखी विचारू नको.

अभ्यास कर. लोभ आहे तेवढा राहू दे.

आबा

बिरवाडी
१७ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबांना नमस्कार.

काल वर्गात आईची पिशवी उघडली. नाव लिहिलं नाही, निश्चिंत राहा. मॅडमनी आमच्या गटाला एकच प्रश्न घातला, ह्या पिशवीत काय नाही? घाम, थरथर आणि गुळाने सावरणं म्हणजे साखर फार खाली जाते. ओम म्हणाला, एवढ्या कमी ताकदीच्या एका गोळीने वारंवार असं होणं त्याला पटत नाही, पिशवी अर्धीच आली असावी. मी सगळ्यांसमोर त्याच्यावर चिडले. तो माझ्या वडिलांना खोटं पाडत होता.

खोलीवर येऊन तुमचं पत्र पुन्हा वाचलं. ‘आणखी विचारू नको’पाशी थांबले. असं तुम्ही मला कधी लिहीत नाही. आबा, सगळं पाठवलंत ना?

मला दुकानदाराचा संशय येतो, डॉक्टरांचा येतो, आणि कुणाकुणाचा येतो ते लिहवत नाही. रविवारी येते. तोवर थरथर सुटली की लगेच साखर द्या आणि थेट डॉक्टरांकडे न्या.

राग आला तरी दार उघडं ठेवा.

दर्शना

बिरवाडी
२२ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबांना नमस्कार.

सोमवारी आईला पोलादपूरला दाखवून मी तशीच इकडे आले. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली. तांदळाच्या डब्यामागे मला सापडलेली लाल पट्टी आणि तुम्ही पाठवलेली निळी, दोन्हींची ठळक नावं वेगळी असली तरी खाली बारीक इंग्रजी अक्षरांत औषध एकच आहे. आई एकच गोळी दोनदा घेत होती.

सोमवारी निघण्याआधी मी तुमच्यावर ओरडायला नको होतं. आई गेली असती, असं म्हणायला तर मुळीच नको होतं. तुम्ही विळा घेऊन निघून गेलात ते मी असेपर्यंत शेतावरून आला नाहीत. पण माझ्या मनातून जात नाही. बिलं दोन दुकानांची, असं का? आणि लाल का लपवली? आई म्हणते, संक्रांतीपासून तिला थरथर नाही. मग पिशवी भरली तेव्हापासूनच तुम्हाला काही ठाऊक होतं का?

मॅडम विचारत होत्या, गुरुवारी, तीस तारखेला वर्गात रुग्णाच्या घरचा माणूस म्हणून बसाल का? सोंग नको, खराच माणूस हवा आहे. घरच्यांनी घरच्याला प्रश्न विचारायचे नाहीत असा नियम आहे. त्यामुळे ओम विचारेल, मी दुसऱ्या खोलीत असेन.

याल का? माझ्यावरचा जीव काढून घेऊ नका.

दर्शना

वरची वाडी
२ फेब्रुवारी २०२५

चि. दर्शना हिला आबांचे अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तुला न भेटताच निघालो. तोंड दाखवायचं धाडस झालं नाय. इथं लिहितो.

त्या ओमला दाद द्यायची नाय, असं ठरवूनच बसलो होतो. गोळ्या कसल्या म्हणाला, म्हटलं डॉक्टरला विचार. कुठं ठेवता, म्हटलं घरात. पोरगा चिडला नाय. त्यानं एक पट्टी माझ्यापुढं ठेवली आणि हळूच विचारलं, आबा, हीच पट्टी हे तुम्ही ओळखता कसं?

डॉक्टर विचारतो कितीदा देता, दुकानदार विचारतो किती पायजेत. ओळखता कसं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, रंगावरून.

मग बोलतच गेलो. मी मराठी सातवी. वाडीतले अर्ज मी लिहितो, सातबारा मी वाचून दाखवतो. त्यामुळं कुशाबाला वाचता येत नाय असं कुणाच्या मनात येत नाय. इंग्रजी अक्षर मला एकपण येत नाय, दर्शना. ऑक्टोबरात महाडला निळी संपली होती. पोलादपूरच्या दुकानात चिठ्ठी दाखवली, त्यानं लाल दिली. वाचून घ्या म्हणाला. मी पट्टी उलटी-सुलटी केली आणि वाचलं म्हणालो. मला वाटलं ही वेगळी, जादाची. महिन्यानं निळी मिळाली, तशा दोन्ही चालू ठेवल्या.

तुझी पिशवी भरताना डॉक्टरच्या चिठ्ठीवरच्या ओळी बघितल्या. ओळ एकच आणि पट्ट्या दोन. लाल मी डब्यामागं सारली आणि त्या दिवसापासून तिला दिली नाय. एवढं खरं मान. तुला कळवायला पायजे होतं, ते झालं नाय. मी गोळ्यांवर संशय घेतला, तुझ्या बाईवर घेतला. मला काय येत नाय ते झाकायला तेवढंच हाती होतं.

ओम हसला नाय. बाई मागं बसल्या होत्या, त्याही मधे बोलल्या नाय. मी गप्प झालो तरी पोरगा थांबून राहिला, म्हणून शेवटपर्यंत सांगता आलं. तुझ्यापुढं नसतं जमलं.

काल हे तुझ्या आयला सांगितलं. वाटलं, चिडेल. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, इंग्रजीचं तिला लग्नापासून माहीत हाय. एकाच्या दोन गोळ्या झाल्या तेव्हा कशाला, असं तिच्या मनात आलंही होतं. पण मी वाचून देतोय असं ती समजते, असंच मला वाटू द्यायचं होतं, म्हणून तिनं विचारलं नाय. दोन-अडीच महिने तिनं माझ्या हातातून दोन्ही गिळल्या.

आज सकाळी मी गोळी पुढं केली तर तिनं हात पुढं केला नाय. आधी विचारलं, ही कसली?

ह्या आबावर तूही संशय घेत जा, पण लोभ कमी करू नको.

तुझे आबा