नानांची जीभ, साहेबांची बाटली

३ डिसेंबर १९५८
ऑफिसातल्या इटालियन साहेबांची (यापुढे सा.) आज भलतीच चौकशी. घरी पाहुणे बोलावलेत, त्यांना आपल्या गावाकडची लाल वाइन पाजायची आहे, पण जेवण इथलं हवं. कोणतं? पापलेटाबरोबर घेऊन बघितली तर तोंडात लोखंडाची चव, तिखट कोंबडीबरोबर जीभ पेटली म्हणे. मी उगाच बोलून गेले, माझे वडील, नाना, वैद्य आहेत, सहाही रस जिभेवर ओळखतात. झालं! सा.नी औषधाच्या बाटलीत थोडी भरून दिली. दारूबंदीत त्यांना प्यायचं परमिट आहे, मला कुठलं? गिरगावात संयुक्त महाराष्ट्र समितीचा मोर्चा, नाक्यानाक्यावर पोलीस. पिशवी छातीशी धरून चाळीपर्यंत आले. टायपिस्ट गजाआड, असं उद्या पेपरात...

४ डिसें.
आधी मीच बोट बुडवून चाखली. शी! कच्ची सुपारी चघळल्यासारखी जीभ टाळ्याला चिकटली. नाना दवाखान्यात निघाले होते, त्यांना चमचाभर दिली. डोळे मिटून घोळवली. म्हणाले, "गोडसर आहे. द्राक्षच ना शेवटी. श्रीखंड चालेल."
गोड? थट्टा असावी. पण नाना चवीच्या बाबतीत थट्टा करत नाहीत. काही कळेना.

५ डिसें.
नानांच्या चहात मुद्दाम साखर घातली नाही. "झकास," म्हणून सगळा प्यायले. मला रडूच आलं. याच जिभेवर लोकांचे काढे ठरतात.
आईला चुलीपाशी गाठलं. ती शांत. "आज कळलं होय तुला? गेल्या वर्षीच्या तापात गेली त्यांची चव. लपवतात. मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही. प्रत्येक काढा मी चाखते, कमीजास्त असेल ते मागाहून सारखं करते. त्यांच्याजवळ बोललीस तर माझी शपथ." अख्खं एक वर्ष मी काय बघत होते?
मग म्हणाली, "आण ती बाटली. औषधच म्हणायचं." थेंबभर जिभेवर. "तुरट, मागून आंबट. तुरटाला स्निग्ध हवं. चरबीचं मटण, तुपात, मंद शिजवलेलं. मिरी चालेल, मिरची नको. मासळीचं नाव नको."
"आई, आपण मटण खात नाही!"
"खात नाही म्हणून नाक बंद आहे का? शेजारी दर रविवारी शिजतंच की."

९ डिसें.
आईने सांगितलं ते सा.ना नानांच्या नावावर सांगितलं होतं. काल त्यांनी तसं मटण करवून बघितलं. वाइन मऊ झाली, मखमल, असं काय काय. आता वैद्यराजांनी शनिवारी यायलाच हवं, पाहुण्यांसमोर चाखून समजावून द्यायचं! वरण-भात वेगळा करू म्हणाले. ही अवदसा मला आठवलीच कशाला?

११ डिसें.
शेवटी नानांना शनिवारचं आमंत्रण सांगितलं. खूश होतील किंवा चिडतील, दोन्हीची तयारी होती. ते नुसते खाली बसले. दार लोटून घ्यायला लावलं.
"मला चव नाही गं. वर्ष झालं. पोथीतल्या मापाने, अंदाजाने देतोय. गुण येतो तो देवाची कृपा. असं किती दिवस लोकांच्या जिवाशी खेळायचं? सोमवारपासून दवाखाना बंद करतो. तुझ्या आईला इतक्यात बोलू नकोस, खचेल."
मी मान हलवली. देवाची कृपा पलीकडच्या खोलीत हिरडा कुटत होती, आणि मी मान हलवली.
मग हळूच म्हणाले, "ती वाइन खरी कशी लागते, सांग ना."
मी सांगत राहिले. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मध्येच घोट घेतल्यासारखे ओठ मिटत होते.
शपथ आईची, शब्द नानांना. दोन्ही पाळले तर सोमवारी कुलूप. मोडायचं तर आधी कुणाचं?