फिरकीवाल्याचं बोट

मंगळवार, संध्याकाळ. कोराडी.

आज जेवणाचं भान नाही. जामठ्याच्या स्टेडियमवर इंग्लंडच्या फलंदाजांना सरावासाठी गोलंदाजी केली, आणि त्यांचा तो जुना फिरकीपटू, ज्याला मी कॉलेजपासून टीव्हीवर बघतो, चक्क माझं उजवं बोट हातात धरून बघत बसला. चिरलेलं, घट्टे पडलेलं. मग त्यानं स्वतःचं दाखवलं. इतके कसोटी सामने खेळूनही अगदी तसंच बोट! याला काय लावतोस, त्यानं विचारलं. खोबरेल तेल, म्हटलं. तो हादरलाच. कातडी कडक राहू दे, म्हणाला.

पण सविता लग्नापासून रोज तेल चोळून देते. तिले कसं सांगू?

आत्ता ती वाटी घेऊन आलीच. "काहून हात लपवून राहिले जी?"

सांगून टाकलं सगळं. तिनं वाटीत बोटं बुडवली.

"मग डावा द्या," म्हणाली.