गिअर टाकताना

अण्णा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी अजून धाकटीवर जळते. आपल्या घरात आम्ही दोघीच बहिणी. मी शाळेत पहिली, ती बारावीला नापास. पण वारंगा फाट्यावरच्या तुमच्या गॅरेजात ट्रकखाली तुमच्या शेजारी आडवी व्हायची ती, मला तुम्ही म्हणायचात, "तू अभ्यास कर, हात काळे नको करू." लोक म्हणत, बापाचा किती जीव आहे. मला मात्र दारातूनच परत पाठवल्यासारखं वाटायचं.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्ही मुलींनी स्पर्धेसाठी रोबो केला. त्याला दोन गिअर ठेवले, एक दुसऱ्या रोबोला रेटायला, एक मोकळ्या जागेत पळायला. गिअर बदलायचं काम हवेच्या छोट्या सिलिंडरचं. बटण दाबलं की टाकीतली हवा आत शिरणार, दांडा पुढे सरकणार आणि दातांची कडी एका चाकातून निघून दुसऱ्यात बसणार. आराखडा माझा, मापं माझी. रोबो मोकळा फिरत असताना गिअर बराबर पडायचा, पण रेटारेटीत अडकून बसायचा. मी मोठा सिलिंडर लावला, दाब वाढवला, एक दांडा वाकवून ठेवला. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत सगळं खोक्यात घालून फाट्यावर आणलं. तुम्ही हात पुसत येता, मी आराखडा उलगडते, आणि त्याच्याकडे न बघताच तुम्ही हाक मारता, "धाकटे, इकडं ये. बघ गं, ह्ये काहून अडकून राहिलं."

ती उकिडवी बसली, दोनदा चालवून बघितलं. "ताई, गिअर टाकताना एक्सिलेटरवरचा पाय उचलावा लागतो की. तुझी मोटर पाय उचलतच न्हाई. दात दातावर दाबून बसल्यावर हवा तरी काय करंल?" तुम्ही हसलात. माझ्या कुठल्याच निकालावर तुम्ही तसे हसला नव्हतात. मी परत जाऊन प्रोग्राम बदलला, गिअर बदलताना मोटरचा जोर क्षणभर कमी केला. रेटता रेटता अलगद गिअर पडला.

पुण्याला स्पर्धेत तुम्ही मागच्या रांगेत बसला होतात. परीक्षकांनी विचारलं, ही युक्ती कुणाची? मी म्हणाले, माझी. बक्षीस मिळालं. परतीच्या एसटीत परभणी मागे पडली. तेव्हा तुम्ही म्हणालात, "बक्षीस तुझं हाय, म्हेनत तुझी हाय. पण धाकटीचं नाव घ्यायला तोंड दुखत व्हतं का?" मी म्हणाले, "तुमी कवा मला विचारलं काही? सदा तिलाच विचारता." तुम्ही खिडकीकडे तोंड केलंत. हा विषय आपल्यात पुन्हा निघाला नाही.

आता मी हिंगोलीत तंत्रनिकेतनात शिकवते. मागच्या आठवड्यात माझ्या विद्यार्थ्यांचा रोबो तसाच अडला. मोटरचा जोर कमी करून झाला, तरी कडी बसेना. तीन दिवस डोकं फोडलं आणि नाइलाजानं धाकटीला फोन केला. गॅरेज आता तीच चालवते. ती आली, कडी काढून दातांवरून अंगठा फिरवला आणि पोरांना म्हणाली, "कडा लई धारदार हायत. कानस आणा, जरा गोल करू, म्हंजी सरकून बसतील." कडी बसली. पोरं तिच्याभोवती गोळा झाली आणि मी खिडकीपाशी उभी राहून तेच जुनं जळणं गिळत राहिले. मग काय झालं कोण जाणे, सगळ्यांसमोर बोलून गेले, "पुण्याला मला बक्षीस मिळालं ना, ती युक्ती हिची होती. मी खोटं सांगितलं होतं."

धाकटी कानशीवरचा कीस झटकत हसली. "म्हाईत हाय मला. अण्णांनी तवाच सांगितलं. म्हणले, थोरलीवर राग धरू नको, माझंच चुकलं. तिच्या हातात कधी पानाच दिला न्हाई म्या."

अण्णा, हे तुम्ही तिला सांगितलंत. माझ्याविषयीचं, माझ्यासाठीचं वाक्य, तेही तिच्याकडेच ठेवून गेलात. मला रडू आलं, आणि त्या रडण्यातही निम्मा हेवाच होता.

हे पत्र धाकटीला वाचायला द्यावं असं मघापर्यंत मनात होतं. देणार नाही. तुम्ही तिला भरपूर मिळालात. हे चार कागद मी एकटीच ठेवणार आहे.