तुरटीचा दांडा

३ ऑक्टोबर
पोचले एकदाची! राजधानी तेगुसिगाल्पाचा धूर मागे सुटला आणि डोंगरातल्या या हवेत पहिल्याच दिवशी भूक दुप्पट झाली. शेजारच्या डोन्या चिलांनी घेवड्याचं कालवण नि मक्याच्या रोट्या पाठवल्या. इथं मानानं बाईला डोन्या नि पुरुषाला डॉन म्हणतात. माझ्या नव्या नोकरीचं पाणीशुद्धी केंद्र लहानसंच, पण लखलखीत. वीज नाही, पंप नाही. सगळं उतारावर चालतं. ओढ्याचं पाणी वाढलं की टाकीतला तरंगता डबा वर येतो, दांड्याचं दुसरं टोक खाली झुकतं आणि नळीतून तुरटीचं पाणी आपोआप जास्त पडतं. मी फक्त गढूळपणा मोजायचा नि दांड्यावरची खिट्टी हव्या त्या आकड्यावर सरकवायची. पाणीसमितीचे प्रमुख डॉन ओल्विन म्हणाले, "पोरी, हे यंत्र तुझ्यामाझ्यापेक्षा शहाणं आहे. तू शहाणपणा केला नाहीस म्हणजे झालं."

५ ऑक्टोबर
खिट्टी बारावर ठेवून जेवायला गेले. परत येते तर चाळिसावर! अर्धं पिंप तुरटी वाया. कोणाचा हा चावटपणा?

८ ऑक्टोबर
पुन्हा तेच. दाराला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. पाणी तर काचेसारखं. रागारागानं खिट्टी बारावर आणली. तासाभरात वरून लालभडक पाणी आलं. चाळीसच हवं होतं. अख्ख्या गावाच्या नळांना चिखल. डॉन ओल्विन भर चौकात ओरडले, "शाळा शिकलीस, की शाळेवरून नुसती चालत गेलीस?" खिट्टी आपोआप सरकते म्हटलं, तर सगळे हसले.

९ ऑक्टोबर
डोन्या चिलांनी अखेर तोंड उघडलं. माझ्या आधी इथं फाउस्तो होते. डोंगरात पाऊस पडायच्या आधीच त्यांना त्याचा वास यायचा म्हणे. गेल्या वर्षी पूर आला, सगळे पळाले. ते दांडा सोडेनात. तिथंच बुडाले. नोकरी देताना हे सांगायला नको? चिला उलट मलाच विचारतात, सांगितलं असतं तर आली असतीस का!

१२ ऑक्टोबर
खिट्टी तारेनं आवळून बांधली. भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत, तारेचा पीळ सुटत गेला — एकेक वेढा. मग ती सरकली. मी किंचाळले, "फाउस्तो, नोकरी माझी आहे! शिव्या मी खाते!"
दांड्यावर ओली बोटं उमटली होती.

१५ ऑक्टोबर
आता फाउस्तोचंच ऐकते. पाणी स्वच्छ. डॉन ओल्विन पाठ थोपटतात — तळपायाची आग मस्तकात जाते. मग मी इथं कशाला?

१७ ऑक्टोबर, सकाळी
लख्ख ऊन. ओढा एकदम आटला. डबा तळाला टेकलाय. दांड्याचं दुसरं टोक वर जायला हवं, ते खाली — कुणी अंग टाकून दाबल्यासारखं. खिट्टी शेवटच्या आकड्यावर.
म्हणजे वर दरड कोसळून पाणी अडलंय. तो बांध फुटणार. डॉन ओल्विनना फोन केला. म्हणतात, "एवढ्या उन्हात पूर? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" ठेवला फोन! मेला अडेलतट्टू! चिलांना चर्चची घंटा बडवायला पिटाळलं.

थोड्या वेळानं
घंटा वाजतेय. माणसं टेकडी चढतायत. डॉन ओल्विनसुद्धा, म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन. सुटले सगळे.
गावाकडची झडप बंद केली. मीही निघालेच होते. जाता जाता दांड्याला हात लागला आणि —
डाव्या हातानं लिहितेय. उजव्यावर एक हात आहे. गार. ओला. दिसत नाही. किती ओढलं — सुटत नाही. म्हटलं, फाउस्तो, गाव वाचलं, काम संपलं, सोड —
वर गडगडाट. भिंती थरथर —
रागावलेला नाही तो. माझी बोटं खिट्टीवर ठेवतोय, एकेक, शिकवल्यासारखं — हळू —
पाणी दारा