बॅटला भरलेली बांगडी

अप्पा, आज सकाळी मी क्रिकेटच्या बॅटला बांगडी भरली. हसू नका. आधी सगळं ऐकून घ्या, मग काय हसायचं ते हसा. तुम्हाला बॅट म्हणजे कपडे बडवायचं धोपाटणं वाटायचं. मलाही लांबून अजून तसंच दिसतं. पण माझ्या लेकाची लेक, तुमची पणती, त्या धोपाटण्यावर जीव टाकते, उशाशी घेऊन झोपते. आज धारवाड जिल्ह्याच्या मुलींच्या संघाची निवड होती, वर्षभर ती ह्याच दिवसाची वाट बघत होती. आणि मी चहा गाळतेय तर ही रडत स्वयंपाकघरात. "अज्जी, ग्रिप फाटली!" ग्रिप म्हणजे बॅटच्या दांड्यावरचं रबर, बॅट हातातून निसटू नये म्हणून घालतात ते. मी आधी तिच्या तोंडावर हात ठेवला. "शुभ कामाला जाताना फाटली म्हणू नये. वाढवली म्हण." तिसरीत शाळा सुटली माझी, पण तुमच्या बांगड्यांच्या दुकानातली शाळा कुठे सुटली? बांगडी फुटली असं कुणी म्हटलं की तुम्ही कसे डोळे वटारायचा!

नवी ग्रिप घरात होती, चढवायची तेवढी राहिली होती. चढवून देणारं सुभाष रोडवरचं दुकान उशिरा उघडतं, आणि तिचा बाप पहाटेच गोकुळ रोडला कारखान्यात गेलेला. मग ती ओढतेय, मी ओढतेय. रबर कसलं, अडून बसलेली म्हैस ती! मी म्हटलं, "साबण आण." तर म्हणते, "नको गं, आत साबण राहिला तर ग्रिप गरगर फिरेल. बॅट उडून अंपायरच्या टाळक्यात बसेल." खरंच की. हात धुता येतो, रबराच्या आतलं कसं धुणार?

तेव्हा तुम्ही दिसलात, अप्पा. राबून राबून हात जाड झालेल्या बायका यायच्या, आणि तुम्ही त्यांच्या हातावर रेशमाची चिंधी घालून तिच्यावरून बांगडी सरकवायचा, मग चिंधी अलगद ओढून घ्यायचा. हात लाल नाही की काच तडकली नाही. रेशीम कुठून आणू? दुधाची पिशवी धुऊन पुसून दांड्याला टोपडं घातलं. ग्रिप पायमोज्यासारखी गुंडाळली, तर तिचा चांगला जाडजूड गोठ झाला, हातात घालतात तसला. म्हटलं, आता ही माझ्या ओळखीची झाली! बॅट मांडीवर घेतली आणि तुमच्यासारखीच गप्पांना लागले. तुम्ही नाही का, बाई माहेरचं सांगण्यात गुंगली की तेवढ्यात बांगडी पार करायचा! "काय गं बाई, माहेर कुठलं तुझं?" मी बॅटला विचारलं. रडता रडता पोर हसली. "अज्जी, काश्मीरचं लाकूड आहे ते." "अगोबाई, एवढ्या लांब दिली होय तुला? कुणी न्यायला येतं का नाही?" ती पोट धरून हसतेय तोवर गोठ पिशवीवरून सरकला. पिशवी ओढून काढली आणि ग्रिप खालपर्यंत उलगडत नेली. घट्ट बसली, सुरकुती नाही.

आता बांगड्या भरल्यावर तुमच्याकडून एक वरची, बिनपैशाची, असायचीच. मी तुमचा जपून ठेवलेला बांगड्यांचा डबा उघडला, हिरवी काढली आणि दांड्यात घातली. "बेड अज्जी, नको ना, सगळ्या हसतील मला!" "हसू देत. वरची घातल्याशिवाय माझ्या बापानं कुणाला दुकानातून उठू दिलं नाही." मग तिला वाकून नमस्कार करायला लावला, कासाराला करतात तसा. वाकली ती बॅट घेऊनच. माझ्या कपाळाला टेंगूळ आहे.

मैदानावर अंपायरनं बॅट बघितली. "येनिदु? काय आहे हे?" पोरीनं सरळ माझ्याकडे बोट केलं. मी कुंपणाजवळून ओरडले, "फोडू नका हो, हळू काढा!" बिचारा स्वतः चालत आला, बांगडी दोन बोटांत धरून. "अज्जी, तुम्हीच सांभाळा." लुगड्याला खिसा नाही, मुठीत धरली तर चुरा होईल, म्हणून घातली हातात. साबण नाही, रेशीम नाही, सर्रकन गेली. हात वाळलेत अप्पा माझे.

खेळ मला कळत नाही. मी चेंडू बघितलाच नाही, ग्रिप बघत होते. जरासुद्धा हलली नाही. बाकीचे टाळ्या वाजवतील तेव्हा मी वाजवायची. शेवटी नावं वाचली, त्यात हिचं आलं, आणि मी अशा टाळ्या पिटल्या की शेजारची बाई वळून बघायला लागली. काय किणकिणतंय म्हणून मीही इकडेतिकडे बघितलं. तर माझाच हात. ह्यांच्या माघारी पहिल्यांदा हातात काच. तुम्ही ह्यांच्या आधी गेलात, सगळ्या धारवाडचे हात भरलेत, माझे रिकामे तेवढे बघितले नाहीत. बरंच झालं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुमच्या डब्यात हिरव्या बांगड्यांखाली राहील. आणि एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी बांगडी काढायला म्हणून साबण घेऊन बसले होते. हात स्वच्छ धुतले, हातातल्या हातात बांगडीही धुतली, आणि उठून चहा ठेवला.