शेवटच्या प्रवेशातलं कुंकू

शुक्रवार, बिशान, सिंगापूर

सायलीच्या ऑपेराचा प्रयोग उद्या, आणि आज मी तालमीत बोलून बसले. शेवटी नायिका विधवा होते, कुंकू पुसते, ड्रम्स कडाडतात. संगीतकार लिमने विचारलं, "आंटी, खरंच असंच होतं ना?" सगळे माझ्या टिकलीकडे बघत होते.

"आई, आज नको," सायली पुटपुटली.

गप्प बसता आलं नसतं का? म्हटलं, "हे गेले तेव्हा मी टिकली काढली नाही. स्मशानातून येऊन सवयीने तिघांचा भात लावला."

लिम हळूच, त्याच्या सिंगापुरी ढंगात म्हणाला, "मग ड्रम्स नकोत, लाह."

सायलीने प्रवेश बदलला. माझ्याशी मात्र बोलेना. एमआरटी मेट्रोतून उतरताना म्हणाली, "बाबांच्या वाटणीचा भात मी खाल्ला होता, आई. तुला उरलेला दिसू नये म्हणून."